पॉइंट टू-टू रायफल: ५० मीटरवरून २०० मीटरपर्यंत (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी

माझी पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल आजवर केवळ ५० मीटरच्या सरावासाठी वापरली गेली आहे. तीच रायफल २०० मीटरवर भरवशाने चालवता यावी, यासाठी लागतील ते बदल एकेक करून करायचे आणि प्रत्येक बदलाचा परिणाम मोजून लिहून ठेवायचा, एवढाच या नोंदींचा हेतू आहे. रायफल बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने दांडा मागे-पुढे करून भरायची) आहे, नळी ५३ सेंटिमीटर लांब आहे आणि नळीतील पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) या काडतुसासाठी नेहमी असतो तसा, १६ इंचांत एक फेरा, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरला एक, असा आहे. दस्ता मूळचा, लाकडी आहे. नळी बदलण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण आहे त्या नळीची खरी कुवत काय, हेच मला अजून ठाऊक नाही.

१८८७ पासून वापरात असलेल्या या लहानशा काडतुसासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर आहे. सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सेकंदाला ३२७ मीटरच्या आसपास वेगाने निघते, २०० मीटर गाठायला तिला सुमारे ०.७ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून सव्वादोन मीटर खाली येते. मोठ्या रायफलीने सुमारे सातशे मीटर किंवा त्याहून पुढे नेम धरताना दुर्बीण जितकी चढवावी लागते, साधारण तितकीच ती या रायफलीला २०० मीटरवर चढवावी लागते. म्हणजे पल्ल्याचा आणि वाऱ्याचा अभ्यास थोड्या जागेत होतो आणि धक्का नगण्य असल्यामुळे नेमबाजाची चूक धक्क्याच्या आड लपत नाही.

८ जानेवारी

कोणताही बदल करण्याआधीची स्थिती आज नोंदवली. पुढे बायपॉड (दोन पायांचा आधार), मागे वाळूची पिशवी, अंतर ५० मीटर, एकाच लॉटची (एकत्र तयार झालेल्या खेपेची) पन्नास काडतुसे, पाच-पाच गोळ्यांचे दहा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजले, तेव्हा दहा ग्रुपची सरासरी २४ मिलिमीटर आली. सर्वांत लहान ग्रुप १३ मिलिमीटरचा होता आणि सर्वांत मोठा ३७ चा. आंतरराष्ट्रीय ५० मीटर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे माझ्या २४ मिलिमीटरचा अर्थ नीट कळतो.

त्या १३ मिलिमीटरच्या ग्रुपचा कागद जपून ठेवावा असा मोह झाला खरा, परंतु तो कागद रायफलीविषयी काहीही सांगत नाही. पाच गोळ्यांचा एखादा ग्रुप योगायोगाने लहान येतो आणि तसाच योगायोगाने मोठाही येतो, त्यामुळे यापुढे या वहीत दहा ग्रुपची सरासरी किंवा दहा-वीस गोळ्यांचा एक ग्रुप यांखेरीज कोणताही आकडा पुरावा म्हणून लिहायचा नाही, असे मी ठरवले आहे.

१२ जानेवारी

आज केवळ साफसफाई आणि तपासणी केली. चेंबर (काडतूस बसते ती जागा) जिथे संपतो आणि पीळ जिथे सुरू होतो, तिथे काजळी आणि शिसे यांचे कडक कडे साचले होते. द्रावकात भिजवलेला कपडा वीस मिनिटे तिथे ठेवून, मग ब्राँझच्या ब्रशने ते काढले. साफसफाईची सळई नेहमी मागच्या बाजूने आणि मार्गदर्शक नळीतूनच घालावी, कारण पुढच्या तोंडाची कड एकदा घासली गेली की गोळी बाहेर पडताना वायू एका अंगाने आधी सुटतो आणि गोळीला कलते करतो. ती कड कापसाच्या बोळ्याने चारी बाजूंनी पुसून पाहिली. कापसाचा एकही धागा कुठे अडकला नाही, तेव्हा तोंड शाबूत आहे असे मानले.

त्यानंतर झाडलेल्या पहिल्या पंधरा गोळ्या बऱ्याच इकडेतिकडे गेल्या आणि मग हळूहळू एकत्र येऊ लागल्या. या गोळ्यांवर मेणाचा किंवा चरबीचा लेप असतो आणि तो नळीच्या आत एकसारखा बसेपर्यंत नळी स्थिरावत नाही. साफ केल्यावर किंवा काडतुसाचा प्रकार बदलल्यावर पहिल्या वीस गोळ्या मोजणीत धरायच्या नाहीत, हा नियम आजपासून लागू केला.

१९ जानेवारी

नळी आणि दस्ता यांच्या मधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. दस्त्याच्या पुढच्या टोकापासून नऊ सेंटिमीटरवर, डाव्या अंगाला, पट्टी अडकली. नळी तिथे लाकडाला टेकलेली होती. एका गोल लाकडी दांडीला घासकागद गुंडाळून ती खाच इतकी मोकळी केली की आता कागदाच्या चार घड्या संपूर्ण लांबीभर सहज सरकतात, आणि उघडे पडलेले लाकूड ओल शोषून पुन्हा फुगू नये म्हणून त्यावर वॉर्निशचे दोन हात दिले.

याहून महत्त्वाचे निरीक्षण डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या सुईच्या मापकाने) दिले. गेज नळीवर बसवून त्याची सुई दस्त्याच्या टोकावर टेकवली आणि रायफल दस्त्याला जखडणारा पुढचा स्क्रू सैल केला, तेव्हा सुई ०.२ मिलिमीटर सरकली. दोन्ही भाग एकमेकांवर सपाट बसलेले असते तर सुई जवळजवळ हललीच नसती. म्हणजे स्क्रू आवळताना रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट सामावणारा धातूचा भाग) दरवेळी किंचित वाकत होता, आणि लाकूड हवेतील ओलीप्रमाणे फुगत-आकसत असल्याने तो ताण रोज वेगळा असणार, हे उघड आहे. बेडिंग, म्हणजे रिसीव्हरच्या नेमक्या ठशाची बैठक दस्त्यात ओतून तयार करणे, आवश्यक आहे, असा निष्कर्ष मी यावरून काढला.

२५ जानेवारी

बेडिंगचे काम आज केले. दोन्ही स्क्रूंच्या जागी लाकडात भोके मोठी करून ॲल्युमिनियमच्या नळकांड्या इपॉक्सीने बसवण्याचे काम तीन दिवसांपूर्वीच उरकले होते. त्यांच्यामुळे स्क्रू आवळला असता दाब लाकडावर न येता धातूवर येतो, त्यामुळे लाकूड चेपत नाही. आज रिसीव्हरखालचे लाकूड दोन-अडीच मिलिमीटर कोरून काढले आणि त्या जागी पोलादाची पूड मिसळलेली दोन भागांची इपॉक्सी भरली.

या कामात भीती एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे रायफल दस्त्यात कायमची चिकटण्याची. म्हणून धातूच्या प्रत्येक भागावर न चिकटू देणारा मेणाचा लेप दोनदा दिला, रिसीव्हरवरील सर्व भोके, खाचा आणि चापाच्या यंत्रणेची जागा मातीकामाच्या मऊ मातीने बुजवली, आणि धक्का झेलणाऱ्या आडव्या पट्टीच्या पुढच्या व खालच्या बाजूंना चिकटपट्टीचा एक थर लावला. त्या पट्टीची फक्त मागची बाजू इपॉक्सीला टेकावी आणि बाकी बाजू मोकळ्या राहाव्यात, म्हणजे रायफल पुन्हा बसवताना ती घासत किंवा अडकत जात नाही. नळी मध्यभागी राहावी म्हणून पुढे चिकटपट्टीचे वेढे दिले. स्क्रू आवळले नाहीत, केवळ हाताला टेकेपर्यंत फिरवले, कारण इपॉक्सी ओली असताना स्क्रू आवळले तर जो ताण घालवायचा आहे तोच तिच्यात कायमचा गोठून बसतो. बाहेर आलेला माल कापसाने पुसून रायफल चोवीस तास हलवायची नाही, असे ठरवून ठेवून दिली.

२६ जानेवारी

रबरी हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी रायफल सुटली. ठसा स्वच्छ आला आहे. उजव्या कडेला बोटाच्या पेराएवढा हवेचा फुगा राहिला होता, तो भरून घेतला.

२ फेब्रुवारी

डायल गेजची चाचणी पुन्हा केली. आता स्क्रू सैल केल्यावर सुई ०.०२ मिलिमीटरच्या आत राहते. त्यानंतर टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या) दोन्ही स्क्रू १.५, २.०, २.५ आणि ३.० न्यूटन-मीटर असे आवळून प्रत्येक ताणावर पाच ग्रुप काढले. बेडिंगपूर्वी हेच आकडे बदलले की ग्रुपची जागाही सरकत असे. आता २.० ते ३.० या टप्प्यात जागा हलत नाही आणि आकारही बदलत नाही. २.५ हा मधला आकडा कायम केला आणि त्या ताणावर दहा ग्रुप काढले. सरासरी १८ मिलिमीटर आली, काडतुसे जुन्याच लॉटची होती.

सहा मिलिमीटरची ही सुधारणा मला ग्रुपच्या आकारापेक्षा दुसऱ्या एका कारणासाठी मोलाची वाटते. रायफल दस्त्यातून काढून पुन्हा बसवली, तरी पहिली गोळी तिथेच लागते, जिथे काढण्यापूर्वीची शेवटची लागली होती. दूरच्या पल्ल्याची सगळी गणिते ५० मीटरच्या झीरोवर (नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलेल्या स्थितीवर) उभी असतात आणि तो झीरोच जर हलता असेल तर पुढच्या आकडेमोडीला अर्थ राहत नाही.

९ फेब्रुवारी

चाप हलका केला. निर्मात्याने दिलेल्या समायोजन स्क्रूच्या मर्यादेतच राहून चापाचा दाब १६०० ग्रॅमवरून ९०० ग्रॅमवर आणला, यंत्रणेच्या एकमेकींत अडकणाऱ्या पृष्ठभागांना हात लावला नाही. त्यानंतर चेंबर रिकामा असल्याची दोनदा खात्री करून, चेंबरमध्ये वापरलेले रिकामे काडतूस ठेवून, बोल्ट चढवलेल्या स्थितीत दस्त्याच्या तळाला रबरी हातोडीने ठोके दिले. सेफ्टी लावून चाप ओढला आणि मग सेफ्टी काढली. बोल्ट वीस वेळा जोराने बंद केला. यांपैकी कशानेही टोचा (काडतूस पेटवणारी सुई) सुटला नाही. सुटला असता तर चाप पुन्हा जड केला असता, कारण शंभर ग्रॅमच्या सोयीसाठी ही चाचणी वगळणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. रिकामे काडतूस ठेवण्याचे कारण असे की अनेक रिमफायर (काडतुसाच्या कडेवर टोचा मारणाऱ्या) रायफलींत टोचा थेट चेंबरच्या कडेवर आपटून ती कड ठेचली जाऊ शकते.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस दुर्बिणीच्या गणितात गेला. माझ्या दुर्बिणीच्या उंचीच्या चकतीचा एकूण फेर १८ मिल आहे, म्हणजे मध्यापासून वर ९ मिल. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून ५ सेंटिमीटर वर आहे आणि ५० मीटरपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटिमीटर पडते, म्हणून दुर्बीण नळीला अगदी समांतर बसवली तर नुसत्या ५० मीटरच्या झीरोसाठीच जवळजवळ ३.४ मिल खर्च होतात. उरतात ५.६. आणि ५० मीटरच्या झीरोवरून मला हवे आहेत १०० मीटरसाठी २.२ मिल, २०० मीटरसाठी ८.१ मिल आणि पुढे कधी ३०० मीटरवर गेले तर १५ मिल. म्हणजे सध्याच्या बैठकीवर २०० मीटर गाठणे शक्यच नव्हते.

यावर उपाय म्हणजे मागून पुढे उतरती रेल (दुर्बिणीखालची बैठकीची पट्टी). तीस मिनिटांच्या (अर्ध्या अंशाच्या) कोनाची रेल दुर्बिणीला ८.७ मिल देते, त्यामुळे ५० मीटरच्या झीरोपासून वर १४.३ मिल उरतात आणि खाली ३.७. वीस मिनिटांची रेल घेतली असती तर २०० मीटरपुरते भागले असते, परंतु ३०० मीटरची वाट बंद झाली असती, आणि याहून तीव्र उताराची रेल घेतली असती तर ५० मीटरवर दुर्बीण खालच्या टोकाच्या अगदी जवळ पोहोचली असती. तीसची रेल आज बसवली.

१८ फेब्रुवारी

रेल बसवल्यानंतरची पहिली चाचणी अत्यंत वाईट गेली. चार ग्रुपची सरासरी ३४ मिलिमीटर, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीहूनही वाईट. कड्यांचे स्क्रू तपासले, दस्त्याचे तपासले, सगळे योग्य ताणावर होते. सरावाच्या जागेवरचे एक अनुभवी नेमबाज शेजारी बसले होते. त्यांनी रेलखाली कागद सरकतो का ते पाहायला सांगितले. सरकला. पुढच्या टोकाला ०.१ मिलिमीटरची पट्टीसुद्धा आत गेली.

चूक माझीच होती. रेलबरोबर दोन लांबींचे स्क्रू होते आणि नळीच्या मुळावर येणाऱ्या पुढच्या भोकात मी लांब स्क्रू घातला होता. ते भोक आरपार नसते, त्यामुळे स्क्रूचे टोक तळाला टेकले आणि रेल न आवळताच थांबले. टॉर्क पान्याने मात्र पूर्ण ताण दाखवला, कारण पाना केवळ फिरण्याला होणारा विरोध मोजतो, तो विरोध रेल दाबली गेल्यामुळे आहे की स्क्रू तळाला टेकल्यामुळे, हे त्याला कळत नाही. आता प्रत्येक भोकाची खोली व्हर्नियरने मोजून स्क्रू निवडले आणि रेल बसल्यावर चारी कडांनी पट्टी घालून पाहिली. सरासरी पुन्हा १८ वर आली.

२ मार्च

दुर्बिणीची चकती जे सांगते ते खरेच करते का, याची आज गोळी न झाडता तपासणी केली. बरोबर १०० मीटर अंतर फितीने मोजून एक उंच फळी उभी केली, तिच्यावर ओळंब्याने सरळ उभी रेघ आखली आणि सेंटिमीटरच्या खुणा केल्या. दुर्बीण जड शिकंज्यात घट्ट धरली, तळच्या खुणेवर नेम स्थिर केला आणि चकती १० मिल फिरवली. नेम १०० सेंटिमीटर सरकायला हवा होता, तो ९८.४ सेंटिमीटर सरकला. तीन वेळा करून पाहिले, उत्तर तेच आले. म्हणजे या दुर्बिणीवर ८.१ मिल मिळवण्यासाठी चकतीवर ८.२ लावायचे. ही त्रुटी मोठी नाही आणि ती नेहमी एकसारखी आहे, म्हणून दुर्बीण बदलण्याचे कारण नाही. परंतु ती ठाऊक नसती तर २०० मीटरवरची अडीच सेंटिमीटरची तूट मी काडतुसांच्या माथी मारली असती.

त्याच ओळंब्याच्या रेघेवर दुर्बिणीतील उभी रेघ जुळवून घेतली आणि मग रेलवर छोटी पाणसळ बसवली. रायफल एका अंगाला दोन अंश कलली तर ५० मीटरवर अवघ्या काही मिलिमीटरांचा फरक पडतो, मात्र २०० मीटरवर गोळी सव्वादोन मीटर पडत असल्याने तेवढ्याच कलण्याने ती ८ सेंटिमीटर बाजूला जाते. दोन अंश डोळ्याला जाणवत नाहीत. पाणसळीशिवाय दूरचा सराव करणे म्हणजे वाऱ्याचा अंदाज आणि कललेला हात यांची सरमिसळ करून दोन्हींविषयी चुकीचे शिकणे होय. पॅरॅलॅक्सही याच वेळी तपासला. डोळा वर-खाली आणि बाजूला हलवला असता नेमाची खूण लक्ष्यावर सरकू नये, अशी चकती कुठे येते ते ५०, १०० आणि २०० मीटरसाठी पांढऱ्या रंगाने खुणा करून ठेवले, कारण निर्मात्याने छापलेले अंतराचे आकडे प्रत्यक्षाशी जुळत नव्हते.

९ मार्च

चार लॉटची काडतुसे आज एकत्र तपासली. प्रत्येकी वीस गोळ्यांचा वेग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजला आणि दहा-दहा ग्रुप ५० मीटरवर काढले. लॉटना मी क, ख, ग, घ अशी अक्षरे दिली आहेत, ग हा आजवरच्या चाचण्यांत वापरलेला जुना लॉट आहे. क चा सरासरी वेग सेकंदाला ३२६ मीटर, प्रमाण विचलन २.४ आणि ग्रुपची सरासरी १५ मिलिमीटर आली. ख ३३१ मीटर, विचलन ४.१, ग्रुप १४ मिलिमीटर. ग ३२१ मीटर, विचलन ३.३, ग्रुप १९ मिलिमीटर. घ हा अतिवेगवान प्रकार होता, ३७९ मीटर, विचलन ६ आणि ग्रुप २६ मिलिमीटर.

घ तेव्हाच बाद केला. वेग जास्त म्हणजे पल्ला चांगला, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ही गोळी ध्वनीच्या वेगाहून जलद निघते आणि वाटेतच त्या वेगाच्या खाली येते, आणि त्या सीमेच्या आसपास हवेचा विरोध इतका वाढतो की मंद गोळीपेक्षा हिलाच वारा जास्त ढकलतो. वाऱ्याने होणारे विस्थापन गोळीला किती वेळ लागला यावर ठरत नाही. हवा नसती तर जेवढा वेळ लागला असता त्याहून तो किती अधिक लागला, यावर ते ठरते. हे समजल्यापासून मी वेगवान काडतुसे मागणे सोडून दिले.

पुढच्या आठवड्यासाठी ख निवडला, कारण ५० मीटरवर तोच सर्वांत चांगला ठरला.

१६ मार्च

२०० मीटरवरचा पहिला दिवस. त्याआधी १०० मीटरवर वीस गोळ्यांनी २.२ मिलचा हिशेब बरोबर असल्याची खात्री करून घेतली. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध आहे. गोळी लहान असली तरी योग्य कोनात सुटली तर ती दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते, त्यामुळे असा बांध नसेल तिथे हा सराव करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

लॉट ख च्या दहा गोळ्यांचा ग्रुप उंचीला १९ सेंटिमीटर आणि रुंदीला २२ सेंटिमीटर आला. रुंदीचे कारण वारा होता, ते उघड आहे: समोर लावलेल्या फिती कधी सरळ लोंबत होत्या, कधी आडव्या होत होत्या, आणि आडवा वारा सेकंदाला १ मीटरने बदलला तरी २०० मीटरवर गोळी साधारण ९ सेंटिमीटर सरकते. उंचीला मात्र वाऱ्याचे कारण पुरत नव्हते. बेडिंग, श्वास, बायपॉडचा दाब, सगळ्यांवर संशय घेतला.

२३ मार्च

या संपूर्ण कामातली सर्वांत महत्त्वाची नोंद आजची आहे. लॉट ख च्याच दहा गोळ्या पुन्हा झाडल्या, परंतु या वेळी प्रत्येक गोळीचा वेग क्रोनोग्राफवर टिपला आणि शेजारच्या दुर्बिणीतून पाहून कागदाच्या नकाशावर त्या गोळीच्या छिद्राला तोच क्रमांक दिला. सर्वांत मंद गोळी ३२४ मीटर वेगाची होती आणि तीच सर्वांत खाली लागली. सर्वांत जलद ३३७ ची होती, ती वरून दुसरी. दहापैकी आठ गोळ्या आपापल्या वेगाच्या क्रमानेच वर-खाली बसल्या होत्या.

हिशेब करून पाहिला तेव्हा हे असेच व्हायला हवे होते, असे दिसले. पडझड वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर ५० मीटरवर उंचीत जेमतेम ७ मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो ग्रुपच्या इतर विखुरण्यात मिसळून जातो. तोच १० मीटरचा फरक २०० मीटरवर १२ ते १४ सेंटिमीटर होतो. अंतर चौपट झाले म्हणून ग्रुप चौपट होत नाही, वेगाचा वाटा सुमारे अठरापट होतो. ५० मीटरवर ख आणि क यांच्यात दिसणारा एका मिलिमीटरचा फरक खरा होता की योगायोगाचा हेही सांगता येत नाही, आणि त्याच्याच आधारावर मी लॉट निवडला होता.

त्यानंतर लॉट क च्या दहा गोळ्या. उंची ११ सेंटिमीटर. दुसऱ्या दहा, उंची १३ सेंटिमीटर. रायफलीत काहीही बदललेले नव्हते.

रिमफायर काडतुसात वेगाची ही विषमता मुळातच असते. पेट घेणारे रसायन काडतुसाच्या पोकळ कडेत फिरवून पसरवलेले असते आणि ते सगळीकडे सारखे बसले नाही तर दारू पेटण्याची सुरुवातच वेगळी होते. शिवाय हे काडतूस व्यवहारात घरी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे निवड करणे एवढेच नेमबाजाच्या हाती राहते. एली आणि लापुआ यांसारखे उत्पादक नेमबाजांना स्वतःच्या रायफलीसह येऊन लॉट तपासण्याची सोय का देतात, ते आज मला पूर्णपणे पटले. लॉट क ची जितकी मिळाली तितकी, म्हणजे आणखी पंधराशे काडतुसे, आजच मागवली.

३० मार्च

दोन उपाय तपासून बाजूला ठेवले. काडतुसे वजनानुसार वेगळी केली: शंभर काडतुसांतून सर्वांत जड वीस आणि सर्वांत हलकी वीस निवडून वेग मोजला, दोन गटांत भरवसा ठेवावा असा फरक आढळला नाही. संपूर्ण काडतुसाच्या वजनात गोळी, पितळ, दारू आणि रसायन या सगळ्यांचे फरक एकत्र येतात, आणि त्यांतील पितळाचा फरक मोठा असला तर त्याचा वेगाशी संबंध नसतो. दुसरा उपाय नळीच्या तोंडावर बसवायच्या सरकत्या वजनाचा. सहा जागांवर दहा-दहा गोळ्या झाडल्या आणि त्या सहा ग्रुपमधला फरक एकाच जागेवर सहा वेळा झाडून मिळालेल्या फरकाएवढाच निघाला. या वजनाने मंद गोळी थोड्या वरच्या कोनात सुटावी आणि दूरवर वेगाची भरपाई व्हावी, हा विचार मला चुकीचा वाटत नाही. मात्र तो सिद्ध करायला शेकडो गोळ्या लागतील आणि त्या मी वारा वाचायला शिकण्यात घालवीन.

१३ एप्रिल

पहाटे, वारा सेकंदाला १ मीटरच्या आत, तापमान १६ अंश. २०० मीटर, लॉट क, नळी आधी वीस गोळ्यांनी स्थिर केलेली. चकतीवर ८.२. वीस गोळ्यांचा एक ग्रुप: उंची १४ सेंटिमीटर, रुंदी १३ सेंटिमीटर. ग्रुपचा मध्य नेमापासून २ सेंटिमीटर खाली होता, म्हणजे चकतीचा एक टप्पा. जानेवारीत याच अंतरावर गोळी कागदावर आणण्याइतका फेरसुद्धा दुर्बिणीत नव्हता.

दुपारी वारा ३ मीटरवर गेला तेव्हा मुद्दाम पुन्हा बसले. १.३ मिलची सूट धरून दहा गोळ्या झाडल्या. रुंदी ३१ सेंटिमीटर झाली, उंची १२ च राहिली. यापुढची रुंदी कमी करणारा कोणताही सुटा भाग मिळत नाही.

२० एप्रिल

३०० मीटर, ४० सेंटिमीटरची लोखंडी चौकोनी पाटी, तुकडे जमिनीकडे जावेत म्हणून वरची कड किंचित पुढे कललेली. चकती शेवटपर्यंत, १४.३ वर नेली. तिची त्रुटी धरता प्रत्यक्षात १४.१ मिल मिळाले, उरलेले ०.९ दुर्बिणीतील खुणांवर धरले. गोळीला पोहोचायला एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यामुळे चाप सुटल्यानंतर बोल्टला हात न लावता पाटीकडे पाहत राहता येते आणि आघाताची जागा स्वतःलाच दिसते.

दहापैकी सहा गोळ्या पाटीवर लागल्या. चुकलेल्या चारपैकी तीन डावीकडे गेल्या, एक खाली. खाली गेलेल्या गोळीचा वेग क्रोनोग्राफवर ३२० होता. लॉट क ची १,३४० काडतुसे शिल्लक आहेत.